खेकडा, उंट आणि विजेची किटली

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन दिल्लीला गेलो होतो. कुतुबमिनार झाला, लाल किल्ला झाला, आणि तिसऱ्या दिवशी मी हट्टाने तिला चाणक्यपुरीतल्या रेल्वे संग्रहालयात नेले. ‘जुनी इंजिने काय पाहावयाची, आजोबा?’ असे कुरकुरतच ती आत शिरली. पण एका इंजिनापुढे थबकली आणि जी हसत सुटली म्हणता! ‘आजोबा, अहो, ह्याचा एक पाय रुळावर आणि एक रस्त्यावर!’

तिचे म्हणणे अगदी खरे होते. ते पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे इंजिन. रस्त्याच्या कडेने एकच रूळ टाकलेला. गाडीचा जवळजवळ सगळा भार त्या रुळावरच्या चाकांवर, आणि गाडी कलंडू नये म्हणून एका अंगाला बाहेर काढलेले मोठे लोखंडी चाक, ते सरळ रस्त्यावरून धावणारे. १९०७ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा ती खेचर ओढीत. लष्करासाठी महाराजांना शेकडो खेचरे पदरी बाळगावी लागत. नुसता दाणा खात उभी राहण्यापेक्षा गाडी ओढलेली काय वाईट? पुढे बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीची चार इंजिने आली. १९२७ साली हा सारा खेळ आटोपला. मोटारगाड्या आल्यावर एका रुळाची मिजास कोण चालवून घेणार?

नातीचे हसू ओसरते न ओसरते तोच तिला दुसरे एक धूड दिसले. मधे उंच खोली, आणि पुढेमागे लांबच लांब दोन सोंडा. ‘आणि हे? ह्याला तर दोन नाके आहेत! असली वेडीवाकडी इंजिने लोक बांधतात तरी कशाला हो?’

ह्या वेळी मात्र मी हसलो नाही. कारण ते नाक माझ्या चांगल्या ओळखीचे होते. त्याची हकीकत शेवटी सांगेन. तूर्त नातीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले असल्यामुळे साध्या प्रश्नाला लांब उत्तर देण्याची मला सवय आहे, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पायांनी चालणारे इंजिन

आगगाडी अगदी बाल्यावस्थेत होती तेव्हाची गोष्ट. लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचे गुळगुळीत चाक फिरेल खरे, पण जागच्या जागी! ते पुढे काय म्हणून सरकेल, अशी शंका त्या काळच्या भल्याभल्यांना होती. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रंटन नावाचा इंजिनीयर होता. त्याने विचार केला, घोडा ओढतो तो पाय जमिनीला रेटून. मग इंजिनालाही पाय द्यावेत! १८१३ साली त्याने खरोखरच तसे इंजिन बांधले. चाके होती ती नुसता भार वाहण्यापुरती. मागे दोन लोखंडी पाय, गुडघे, घोटे आणि पावले यांसह. वाफेच्या जोराने ते आळीपाळीने जमिनीला रेटा देत आणि माणसाच्या चालीने हे यंत्र डुगडुगत पुढे सरके.

मौज पाहा, त्याच सुमारास इंग्लंडच्याच वायलम गावी विल्यम हेडलीने दाखवून दिले की इंजिनाला पुरेसे वजन असले म्हणजे गुळगुळीत चाकही रुळाला धरून राहते. म्हणजे ज्या अडचणीसाठी ब्रंटनने पाय दिले ती अडचण मुळी नव्हतीच.

येथवर गोष्ट हसण्यासारखी आहे. पण १८१५ साली डरहॅम परगण्यातल्या न्यूबॉटलच्या कोळशाच्या खाणीवर ह्या पायांच्या इंजिनाला नवा बॉयलर बसविला होता. ते पाहावयाला बघ्यांची गर्दी लोटली होती. बॉयलर फुटला आणि दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दिवसापासून ब्रंटनच्या घोड्याचे कौतुक संपले.

ही हकीकत मी वर्गात सांगत असे तेव्हा मुले आधी हसत आणि मग एकदम गप्प होत. तेव्हापासून मला एक खोड जडली आहे. कोणतेही चमत्कारिक इंजिन दिसले की मी मनाशी दोन प्रश्न विचारतो. पहिला : हे कोणत्या अडचणीवरचे उत्तर आहे? आणि दुसरा : ह्यात माणसाला कुठे ठेवले आहे?

उंटावरून सुचलेली गाडी

शार्ल लार्तिग हा फ्रेंच इंजिनीयर अल्जीरियात काम करीत होता. तेथे त्याने वाळवंटातून जाणारे उंट पाहिले. पाठीच्या दोन्ही अंगांना ओझी, आणि उंट मजेत डुलत चाललेला. त्याला वाटले, रूळच जर उंटाच्या पाठीसारखा उंच केला आणि गाडी त्याच्यावर खोगिरासारखी टाकली तर? खाली वाळू येवो की चिखल, बिघडले कुठे!

ही कल्पना पावसाने भिजलेल्या आयर्लंडातही फळाला आली. लिस्टोएल ते बॅलीबनियन अशी सुमारे नऊ मैलांची एकरुळी गाडी १८८८ साली सुरू झाली. आपल्या शिडीच्या घोड्यासारखे लोखंडी तिकाटणे ओळीने उभे केलेले, आणि त्यांच्या माथ्यावर, कमरेच्या उंचीवर, रूळ. इंजिनाला बॉयलर दोन, एक रुळाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. उतारूही दोन्ही अंगांना वाटून बसावयाचे. रूळ असा आडवा आल्यामुळे गाडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जावयाचे तर जिना चढून उतरावा लागे, म्हणून गाडीलाच जिन्याचा डबा जोडीत. वाटेत रस्ता आडवा आला की उचलावयाचा पूल!

ह्या गाडीची एक गोष्ट तिकडे आवडीने सांगतात. कोणा गृहस्थाला पियानो पाठवावयाचा होता. एका अंगाला पियानो ठेवला तर गाडी कलंडणार. मग दुसऱ्या अंगाला तोलाला गाय ठेवली. पियानो मुक्कामी पोचला. पण आता गाय परत कशी आणावयाची? तेव्हा तिच्या तोलाला दोन वासरे चढविली, आणि परत आल्यावर ती वासरे एकेका अंगाला एकेक अशी माघारी धाडली! गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण बाजाराच्या दिवशी भाजीची जुडी घेताना तराजूकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या गृहिणींना ती पटावी. ही गाडी थोडीथोडकी नव्हे, छत्तीस वर्षे चालली. १९२४ साली बंद पडली आणि आता लिस्टोएलला तिचा एक छोटासा तुकडा हौसेने पुन्हा उभारलेला आहे.

धूर, धग आणि माणूस

आता जरा गंभीर होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या भागात कठीण जातीचा कोळसा निघतो. खाणीवर त्याच्या बारीक चुऱ्याचे डोंगर साचत आणि फुकट जात. १८७७ साली जॉन वूटन याने हा चुरा जाळण्याजोगी भट्टी इंजिनाला बसविली. चुरा सावकाश जळतो, म्हणून भट्टी फार रुंद करावी लागली. इतकी रुंद, की मागे ड्रायव्हरला बसावयाला जागाच उरेना. मग त्याची खोली उचलून बॉयलरच्या मध्यावर, उंटावरच्या हौद्यासारखी ठेवली. ह्या इंजिनांना लोक ‘उंटपाठी’ म्हणूनच ओळखू लागले.

कोळसा स्वस्त पडला, कंपनीचे पैसे वाचले. पण माणूस? ड्रायव्हर उन्हाळ्यात तापलेल्या बॉयलरला अंग घासून बसलेला. त्याच्या पायांखाली चाकांचे दांडे फिरत. एखादा दांडा धावत्या गाडीत तुटला तर तो वर उसळून खोलीच्या चिंधड्या उडवी. आणि फायरमन बिचारा मागे एकटा, डोक्यावर नावाला छप्पर, पाऊस आणि बर्फ अंगावर घेत कोळसा टाकतो आहे. दोघांना एकमेकांशी बोलण्याचीही सोय नाही. पुढे ड्रायव्हरला काही झाले तरी मागच्याला पत्ता लागावयाचा नाही. शेवटी अशी नवी इंजिने बांधावयाला अमेरिकेत बंदी घालावी लागली.

त्याच देशात, पण दुसऱ्या टोकाला, ह्याच्या नेमके उलट घडले. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात बर्फ इतके पडते की सदर्न पॅसिफिक कंपनीने मैलोगणती रुळांवर लाकडी छपरे घातली होती. वर छप्पर, पुढे बोगदे, आणि मधून मोठमोठी इंजिने धूर ओकीत चाललेली. पुढच्या धुराड्याचा धूर सारा मागे ड्रायव्हरच्या खोलीत! माणसे गुदमरून बेशुद्ध पडण्याची पाळी येई. नाकातोंडाला मुखवटे लावून पाहिले, भागेना. तेव्हा कोणी तरी विचारले असेल, अहो, मग खोलीच पुढे का आणीत नाही?

आणि १९१० पासून तशी इंजिने आली. ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढे, धुराडे पार मागे. दुरून पाहणाऱ्याला वाटावे इंजिन उलटे चालले आहे! कोळसा असता तर तो मागच्या टेंडरमधून इतक्या पुढे फावड्याने आणणे शक्य नव्हते. पण ही इंजिने तेलावर चालत आणि तेल नळीने पुढे येई. एक नाही, दोन नाही, अशी अडीचशेवर इंजिने ह्या कंपनीने बांधविली. त्यांतले शेवटचे, १९४४ सालचे, सॅक्रॅमेंटोच्या संग्रहालयात उभे आहे.

हे सारे वाचताना मला माझे आजोबा आठवतात. ते ह्याच बोरघाटात वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कर्जतहून लोणावळ्याला चढताना सदतीस फुटांना एक फूट अशी चढण आणि वाटेत बोगद्यांमागून बोगदे. बोगदा जवळ आला की ते पंचा पाण्यात बुडवून तोंडाला बांधीत. म्हातारपणी त्यांना खोकल्याची उबळ आली की आजी म्हणे, ‘बोगदा आला वाटतं.’ आम्ही पोरे हसत असू. आजी हसत नसे.

माणसाला विसरले की काय होते त्याचा आणखी एक दाखला इंग्लंडातला आहे, आणि तोही एका मोठ्या बुद्धिमान इंजिनीयरचा. ऑलिव्हर बुलीड याने १९४९ साली ‘लीडर’ नावाचे इंजिन तयार केले. बाहेरून अगदी नव्या डिझेलसारखे गुळगुळीत, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली, आत मात्र वाफ. ड्रायव्हर आरामात पुढे. पण फायरमनला ठेवले मधल्या बंद खणात, एका अंगाला बॉयलर आणि समोर भट्टी. त्या धगीत माणसाने उभे राहावे कसे? पाच इंजिने बांधावयाची ठरली होती, एकच पुरे झाले. उतारूंची गाडी त्याने कधी नियमाने ओढली नाही आणि १९५१ साली ते मोडीत गेले.

विजेची किटली

सगळीच हकीकत दुःखाची नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंडची मोठी पंचाईत झाली. त्या देशात कोळसा नाही. बाहेरून यावयाचा तो महाग आणि दुर्मिळ झाला. पण डोंगरातल्या पाण्यावर तयार होणारी वीज मुबलक, आणि बहुतेक रुळांवर विजेच्या तारा ताणलेल्या. यार्डात डबे हलविणारी वाफेची लहान इंजिने मात्र कोळशावाचून उपाशी. तेव्हा स्विस लोकांनी काय करावे? त्यांनी दोन वाफेच्या इंजिनांच्या डोक्यावर विजेच्या गाडीसारखी दांडी बसविली, तारेतली वीज खाली आणली आणि बॉयलरमधले पाणी विजेने तापविले!

घरात आपण पाणी तापवावयाला बादलीत विजेचा हीटर सोडतो ना, अगदी तोच प्रकार. वीज सरळ मोटारीला द्यावयाची सोडून तिने पाणी उकळावयाचे, वाफ करावयाची आणि वाफेने चाक फिरवावयाचे, म्हणजे द्राविडी प्राणायाम खरा. पण इंजिने आयती होती, वीज होती, आणि कोळसा नव्हता. एकदा वाफ कोंडली म्हणजे तारेपासून दूर जाऊनही इंजिन थोडा वेळ काम करी. फायरमनला फावडेही उचलावे लागेना! युद्ध संपले, कोळसा मिळू लागला, आणि काही वर्षांनी ह्या किटल्या पुन्हा साध्या इंजिनांत जमा झाल्या. वेडेपणा म्हणावा तर प्रत्येक पायरी शहाणपणाची.

ह्याच्या उलट जर्मनीतला तो रुळावरचा झेपेलिन. फ्रान्झ क्रुकेनबर्ग याने विमानासारखी हलकी, चंदेरी गाडी बनविली आणि तिच्या शेपटाला विमानाचे इंजिन व लाकडी पंखा लावला. २१ जून १९३१ रोजी हॅम्बुर्ग ते बर्लिनच्या वाटेवर तिने ताशी २३० किलोमीटरचा वेग गाठला. त्या वेळी रुळावरून इतक्या वेगाने कोणीच गेले नव्हते. गाडी पाहावयाला लोकांची झुंबड उडाली. पण तिला दुसरे डबे जोडता येत नव्हते. आणि मुख्य म्हणजे फलाटावर पोरेबाळे, गाठोडी आणि हमाल यांच्या गर्दीत तो गरगरता उघडा पंखा आणावयाचा कसा? तशी एकच गाडी झाली आणि १९३९ साली तीही मोडून टाकली. आतल्या उतारूंचा विचार क्रुकेनबर्गने फार सुंदर केला होता. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो विसरला.

दोन नाकांचा खेकडा

आता त्या दोन नाकांच्या धुडाकडे येतो.

मुंबई-पुणे मार्गावर विजेची गाडी आणावयाचे ठरले तेव्हा घाटातून मालगाड्या चढविण्यासाठी १९२८ पासून ही इंजिने आली. त्यांतली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या कारखान्यात बांधलेली. त्या देशातही गोटहार्डच्या घाटात जवळपास आपल्या बोरघाटाएवढीच चढण आहे, आणि तिथल्या तसल्याच लांब नाकाच्या इंजिनाला लोक ‘मगर’ म्हणतात. आपल्याकडे मगरीचा खेकडा झाला. नाकांत मोटारी, आणि त्या चाके फिरवीत वाफेच्या इंजिनासारख्या आडव्या दांड्यांनी. ते दांडे खालीवर होत चालले की खेकड्याच्या नांग्यांची आठवण यावी. शिवाय उभे असताना हे इंजिन असा काही कण्हल्यासारखा आवाज काढी की ऐकत राहावे.

माझे वडील, अण्णा, ह्या खेकड्यावर ड्रायव्हर होते.

आम्ही कर्जतला राहत होतो. वर्गातल्या एका मुलाचे काका डेक्कन क्वीन चालवीत. तो त्याचा तोरा काय सांगावा! आणि आमचे अण्णा कण्हणाऱ्या खेकड्यावर, वाघिणींची माळ घेऊन गोगलगायीसारखे घाट चढणार. मुले मला ‘खेकड्या’ म्हणून चिडवीत. एकदा नव्या मास्तरांनी विचारले तेव्हा मी बेधडक सांगून दिले, ‘माझे वडील डेक्कन क्वीनवर आहेत.’ आठ दिवसांत ते अण्णांच्या कानावर गेले. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, ‘बरं.’ पण त्या रात्री ते जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

१९६९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीला गेलेले अण्णा सकाळी दहा वाजले तरी परतले नव्हते. आई दाराशी उभी. दुपारी ते आले, हाताला पट्टी बांधलेली. ठाकूरवाडीच्या वर वळणावर दरड कोसळून रुळावर धोंडा आला होता. अंधारात दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. गाडी चढावर, वेग कमी, तरी टक्कर बसलीच.

दोन दिवसांनी अण्णा मला यार्डात घेऊन गेले. इंजिन बाजूला उभे होते. पुढचे नाक चेपून आत गेले होते. मागची खोली जशीच्या तशी. अण्णांनी माझा हात धरून त्या चेपलेल्या पत्र्यावर ठेवला. म्हणाले, ‘हे नाक नसतं ना, तर धोंडा माझ्या मांडीवर आला असता. तुझ्या डेक्कन क्वीनचं तोंड सुंदर आहे खरं. पण मला आपला हाच बरा.’

मी मान खाली घालून म्हणालो, ‘अण्णा, मी शाळेत खोटं बोललो.’

‘ठाऊक आहे मला,’ ते म्हणाले. ‘चल, तुझी आई वाट पाहत असेल.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून मास्तरांना खरे काय ते सांगितले. मुले हसली. त्या हसण्याचे मला काही वाटले नाही.

ती इंजिने १९९० च्या सुमारापर्यंत कुठे ना कुठे काम करीत राहिली. अण्णाही आता नाहीत. दिल्लीला उभे आहे ते त्या मालिकेतलेच, ‘सर लेस्ली विल्सन’ असे मुंबईच्या एका गव्हर्नरचे नाव दिलेले. ही सारी हकीकत मी नातीला तिथल्याच एका बाकावर बसून सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, इंजिनाच्या जवळ गेली आणि टाचा उंचावून खिडकीतून आत पाहू लागली.

‘आजोबा,’ तिने विचारले, ‘पणजोबा नेमके कुठे बसायचे?’

मी बोट करून जागा दाखविली. तिने नाकाच्या टोकापासून त्या खिडकीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले, आणि आकडा माझ्या वहीत लिहून ठेवावयाला लावला.